काजू कारखान्यातील ‘कर्मचारी स्वास्थ्य कार्यक्रम’: बारा महिन्यांच्या सेवेचे परीक्षण

कुडाळ आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान असलेल्या एका काजू प्रक्रिया कारखान्यात मी प्रशासन आणि हिशेब सांभाळते. गेल्या वर्षीच्या जूनपासून बारा महिने आमच्याकडे मुंबईच्या एका आरोग्यसेवा कंपनीचा कर्मचारी स्वास्थ्य कार्यक्रम चालला आणि त्याचा मुख्य उद्देश कर्मचाऱ्यांचे वजन निरोगी मर्यादेत आणणे हा होता. अशा सेवांचे प्रतिनिधी आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या लहान उद्योगांचेही दरवाजे ठोठावू लागले आहेत, म्हणून पैसे देण्याआधी कोणाला उपयोग व्हावा या हेतूने हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या बहुतेक अशा तयार पॅकेजांच्या घडणीतच असतात, असे इतर दोन कंपन्यांची माहितीपत्रके वाचल्यावर माझे मत झाले आहे.

दर माणशी वर्षाला १,५०० रुपये होता. आमचे कर्मचारी ९२, त्यामुळे जीएसटी धरून बिल एक लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास गेले. या रकमेत सुरुवातीची आणि नंतर दर तीन महिन्यांनी एक अशा आरोग्य तपासण्या, पावले मोजणारे मोबाईल अ‍ॅप, महिन्याला एक ऑनलाईन व्याख्यान, वजन घटवण्याची स्पर्धा बक्षिसांसह, आणि महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञांचा सल्ला एवढे मिळणार होते. कागदावर हे सारे भरगच्च दिसत होते आणि आमच्या मालकांनी, ज्यांना कारखान्यात सगळे भाऊ म्हणतात, फारशी घासाघीस न करता सही केली.

सेवेविषयी बोलण्याआधी आमच्याकडचे काम कसे चालते हे सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळा त्रास त्यातूनच निघाला. कच्ची बी वाफेवर उकडून थंड करतात, यंत्रावर तिचे कवच फोडतात, आतला गर ड्रायरमध्ये वाळवतात आणि मग त्यावरची तांबूस साल हाताने, लहान सुरीच्या टोकाने काढतात. त्यानंतर आकार आणि रंग पाहून प्रतवारी होते. ९२ पैकी ५८ महिला सोलणी आणि प्रतवारीत आहेत आणि त्या आठ तासांपैकी जवळजवळ सगळा वेळ बसून असतात. सोलणीची मजुरी किलोवर मिळते. खाद्यपदार्थाच्या स्वच्छतेसाठी उत्पादन विभागात मोबाईल, अंगठ्या, बांगड्या यांना मनाई आहे. सगळे प्रवेशदारातल्या कपाटात ठेवूनच आत जावे लागते.

आता पहिली तपासणी. या सेवेचा हा भाग चांगला होता आणि तो मी निःसंकोच चांगला म्हणते. दोन परिचारिका आणि एक डॉक्टर सकाळी सात वाजता आले, उंची, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि हिमोग्लोबिन मोजले आणि कामाचा खोळंबा न होऊ देता दोन दिवसांत सर्वांची तपासणी पूर्ण केली. अकरा जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांपैकी सात जणांना त्याची कल्पनाही नव्हती. अहवाल मात्र इंग्रजीत आणि मोबाईलवर पीडीएफ स्वरूपात आले. ज्या बाईने आयुष्यात कधी पीडीएफ उघडली नाही, तिला तो अहवाल असून नसल्यासारखा. शेवटी मीच चार संध्याकाळी जेवणघरात बसून एकेकीला तिचे आकडे मराठीत लिहून दिले. जाता जाता हेही सांगते की तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते. केवळ तेवढ्यासाठी कोणी खासगी पॅकेज घेत असेल तर आधी जवळच्या आरोग्य केंद्राकडे चौकशी करावी.

अडचण सुरू झाली ती आकड्यांच्या अर्थाशी. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. कंपनीचे अ‍ॅप २५ पर्यंतचा बीएमआय हिरव्या रंगात दाखवत होते, कारण आंतरराष्ट्रीय मर्यादा तीच आहे. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ मध्येच सहमतीने ठरवलेली मर्यादा २३ आहे, आणि २५ पासून आपल्याकडे स्थूलता धरली जाते. दीडशे सेंटीमीटर उंचीच्या बाईचे वजन ५४ किलो असेल तर तिचा बीएमआय २४ येतो. अ‍ॅपने तिला शाबासकी दिली, भारतीय निकषाने ती अधिक वजनाच्या गटात गेली. बीएमआय तेवढाच असूनही शरीरात चरबी जास्त, हे आपल्या देहयष्टीचे वैशिष्ट्य पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. महाराष्ट्रात येऊन सेवा विकणाऱ्या कंपनीला पुण्यात झालेले हे काम माहीत नसावे, याचे मला नवल वाटले. तक्रार केल्यावर चार महिन्यांनी अ‍ॅपमधली मर्यादा बदलली गेली, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवते.

याहून गंभीर चूक दुसऱ्या टोकाला होती. अ‍ॅप प्रत्येकाला ‘लक्ष्य वजन’ देत असे आणि ते सध्याच्या वजनापेक्षा पाच टक्क्यांनी कमी, असे सरसकट ठरवलेले होते. आमच्या नऊ महिलांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता. त्यांतल्या एकीचे वजन ४१ किलो, तिला लक्ष्य मिळाले ३९ किलोचे. तिचे हिमोग्लोबिनही कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता आणि त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते. म्हणजे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून सोलणाऱ्या दोघींपैकी एकीला वजन उतरवायचे असते आणि दुसरीला चढवायचे. निरोगी वजनाचा कार्यक्रम म्हणवून घेणाऱ्याने निदान एवढे गृहीत धरायला हवे. या बाबतीत मी पाचपैकी शून्य गुण देते, कारण ही केवळ गैरसोय नव्हती, यात अपाय होऊ शकत होता.

पावलांच्या स्पर्धेविषयी थोडक्यात. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या पाऊलमापक यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला, तो कोणा वैद्यकाने घालून दिलेला नव्हे. पण स्पर्धेची मर्यादा तीच होती. ज्यांचे मोबाईल दिवसभर कपाटात बंद असतात त्या ५८ महिला पहिल्याच दिवशी स्पर्धेतून बाद झाल्या. कंपनीने तोडगा म्हणून वीस मनगटी पट्टे पाठवले, पण तेही आत नेता येत नाहीत हे आम्ही करार करतानाच लेखी कळवले होते. मग ते पट्टे माल रवाना करणाऱ्या मुलांनी आणि कार्यालयाने वाटून घेतले. पहिला क्रमांक आमच्या एका तरुणाला मिळाला, ज्याने एका रात्रीत तेवीस हजार पावले टाकली होती. चौकशी केली तेव्हा कळले की त्या रात्री गावात डबलबारी भजन, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना होता, हा पखवाजावर होता आणि पट्टा त्याच्या थाप मारणाऱ्या हातात होता. पहाटेपर्यंत तो एका जागी मांडी घालून बसला होता. त्याचे बक्षीस आम्ही काढून घेतले नाही. मेहनत तर झालीच होती.

वजन घटवण्याच्या स्पर्धेला मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तीन महिन्यांत सर्वांत जास्त किलो उतरवणाऱ्या तिघांना अनुक्रमे पाच, तीन आणि दोन हजार रुपये, असा नियम होता. दुसरे वजन श्रावणाच्या अखेरीस झाले. उपासाचे दिवस आधीच असल्याने काहींनी शेवटचे तीन दिवस केवळ लिंबूपाण्यावर काढले, एकाने तर भट्टीजवळ जाडे कपडे घालून घाम गाळला. वजन उतरले, बक्षिसे वाटली गेली, आठवड्याभरात गणपती आले आणि मोदक, घावणे, पातोळ्या, पाच भाज्या यांच्या पंक्तीतून उठेपर्यंत उतरलेले सगळे वजन परत चढले. शरीरातले पाणी कमी झाले की काटा खाली येतो, चरबी कमी होण्याशी त्याचा संबंध नसतो, हे ज्यांनी सांगायचे तेच बक्षिसाचा धनादेश घेऊन उभे होते. त्यात कंपनीच्या समन्वयकाने सर्वांची नावे, आधीचे वजन आणि नंतरचे वजन असा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर टाकला. आमच्या समूहात अनेकींचे नवरे, दीर, भाऊ आहेत. लहान गावात कारखाना आणि वाडी वेगळी नसते. दुसऱ्या दिवशी एक बाई कामावर आलीच नाही आणि पुढच्या तपासणीला तिने कधी पाय ठेवला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झालेला आहे, त्याचा हवाला देऊन मी कडक शब्दांत पत्र लिहिले तेव्हा तक्ता काढला गेला आणि माफीही मागितली गेली. पण जे वाचले गेले ते वाचले गेले.

डिसेंबरपर्यंत माझे मत एवढे प्रतिकूल झाले होते की उरलेले सहा महिने रद्द करावेत असे मी भाऊंना सुचवले. अशा कार्यक्रमांतून मुळात अपेक्षा किती ठेवावी, हे पाहायला म्हणून मी थोडे वाचन केले. अमेरिकेतल्या बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीत सुमारे तेहतीस हजार कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६० दुकानांपैकी वीस दुकाने चिठ्ठी टाकून निवडावीत तशी निवडली गेली आणि तेथे अठरा महिने स्वास्थ्य कार्यक्रम चालवला गेला. त्या दुकानांतले अधिक लोक आपण नियमित व्यायाम करतो आणि वजनाकडे लक्ष देतो असे सांगू लागले, पण वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. वाचून मला निराशा वाटण्याऐवजी थोडे हलके वाटले, कारण कंपनीने आम्हाला दिलेले ‘सरासरी चार किलो’चे वचनच अवाजवी होते हे त्यातून स्पष्ट झाले.

कार्यक्रम रद्द झाला नाही, त्याला कारण आहारतज्ज्ञ. पहिले सहा महिने हा सल्ला मुंबईहून पडद्यावर मिळत असे आणि त्याची गोष्ट एका उदाहरणात संपते: जूनमध्ये आलेल्या तक्त्यात दुपारी भाजलेला ताजा मासा लिहिला होता. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पावसात आमच्या घरी सुकट आणि सुके बांगडे असतात, आणि त्यांतल्या मिठामुळे रक्तदाब असलेल्यांना तेही जपून खावे लागतात. मी कंपनीकडे हट्ट धरला की माणूस इथे आले पाहिजे. जानेवारीपासून त्यांनी सावंतवाडीच्या एक तरुण आहारतज्ज्ञ नेमून दिल्या आणि माझ्या दृष्टीने कार्यक्रम खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला.

त्या पहिल्या दिवशी आल्या त्या भाषण द्यायला उभ्या राहिल्या नाहीत. टोपी, मास्क घालून सोलणीच्या बाकावर दोन तास बसल्या आणि त्यांनी स्वतः पाव किलोही काजू सोलून झाले नाहीत हे हसत कबूल केले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठून चालण्याचा विषय काढला, कारण लांबलचक बैठक मधूनमधून मोडली तर जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते असे प्रयोगांत दिसलेले आहे. त्यावर आमच्या सर्वांत जुन्या कामगार बाईंनी शांतपणे विचारले, “गे बाय, मी उठान फिराक गेलंय तर माझे काजू कोण सोलतलो?” सहा महिन्यांत आलेल्या एकाही व्याख्यात्याला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण पडद्यावरच्या माणसाला प्रश्न विचारण्याची आमच्याकडे सवय नाही. किलोवर मजुरी असलेल्या बाईला ‘उठा, चाला’ सांगणे म्हणजे तिची कमाई कापणे होय. ती पाणीदेखील कमी पिते, कारण पाणी प्यायले की उठावे लागते.

हा मुद्दा त्यांनी आपल्या अहवालात पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि भाऊंच्या टेबलावर ठेवला. सकाळी दहा मिनिटे आणि दुपारी दहा मिनिटे अशी सक्तीची विश्रांती द्यावी, सर्वांनी बाक सोडून अंगणातून किंवा पावसात पडवीतून चालावे, आणि त्या वीस मिनिटांची मजुरी प्रत्येकीच्या मागच्या महिन्याच्या सरासरीने द्यावी, अशी सूचना होती. आठ तासांत वीस मिनिटे म्हणजे साधारण चार टक्के. भाऊ दोन आठवडे गप्प होते. काजूच्या धंद्यात कच्च्या मालाच्या भावावर सगळा खेळ असतो आणि चार टक्के म्हणजे काही हंगामांत आख्खा नफा, ही त्यांची बाजू मला हिशेब पाहणारी म्हणून माहीत आहे. शेवटी त्यांनी तीन महिन्यांसाठी प्रयोग मान्य केला. प्रत्यक्षात दिवसाचे उत्पादन चार टक्क्यांनी घटले नाही, त्याहून थोडे कमी घटले. का, ते मी ठामपणे सांगू शकत नाही, पण दुपारी तीननंतर तुकडा होण्याचे प्रमाण कमी दिसले. तुकडा कमी म्हणजे अख्ख्या गराचा भाव जास्त, हे काजूवाल्यांना समजावून सांगायला नको.

दुसरा बदल चहाचा. आमच्याकडे सकाळ-दुपार मोठ्या टोपात साखर घालूनच चहा उकळला जाई. कपाला दहा ग्रॅम साखर, ९२ माणसे, दोन वेळा; महिन्याला पन्नास किलोचे एक पोते जवळजवळ संपे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली, म्हणजे दोन हजार उष्मांकांच्या आहारात पन्नास ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो त्याच्या निम्म्यावर ठेवायला सांगते. कारखान्यातले दोन कप, घरी सकाळ-संध्याकाळचे दोन, आणि चहासोबतची खारी किंवा बटर धरले तर ती मर्यादा जेवणाआधीच संपत आलेली असते. आहारतज्ज्ञांनी कोणाचाही चहा बंद केला नाही. चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि साखरेचा डबा चमच्यासह बाजूला ठेवायचा, एवढेच केले. पहिल्या आठवड्यात चहावाल्या काकांना पुष्कळ बोलणी खावी लागली. आता एक पोते सुमारे सात आठवडे पुरते. कोकम सरबताचीही अशीच गत. तयार सिरपात साखरच मुख्य असते, म्हणून उन्हाळ्यात आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस), मीठ आणि जिरे घातलेले पाणी ठेवले आणि ते संपतेही लवकर.

जेवणाबद्दल त्यांनी जे सांगितले ते ऐकण्याजोगे होते, कारण त्यांनी डबे उघडून पाहिले. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. सोबत आमटी किंवा माशाचे सार, आणि भाजी नावापुरती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार उष्मांकांच्या ताटात दिवसभराचे सगळे धान्य मिळून २५० ग्रॅम, तेही कच्चे मोजून, धरले आहे. आमच्यातल्या कित्येकींचा तेवढा तांदूळ दुपारपर्यंत होत होता. त्यांनी भात तोडायला सांगितले नाही. भाताचा एक डाव कमी करून त्या जागी कुळीथ, चवळी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ वाढवा, आठवड्यात दोन रात्री नाचणीची भाकरी करा, आणि अंडे परवडत असेल तर रोज एक खा, असे सांगितले. वजन कमी असलेल्या नऊ जणींना मात्र पेजेत मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि दुपारी दूध, असा उलटा सल्ला होता, आणि तो त्यांनी प्रत्येकीला बाजूला घेऊन दिला. आमच्याकडे दीक्षितांची दोन वेळा जेवणाची पद्धत पाळणारे आणि दर दोन तासांनी खाणारे असे दोन पक्ष जेवणघरात पूर्वीपासून आहेत. त्यांच्या वादात त्या पडल्या नाहीत आणि ते शहाणपणाचे होते.

कार्यालयालाही त्यांनी सोडले नाही. पाहुण्यांसाठी माझ्या टेबलावर काजूची वाटी असते आणि येता-जाता आम्ही नऊ जण तीत हात घालतो. शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात, म्हणजे तीस ग्रॅमच्या एका मुठीत १६५. काजू वाईट नव्हे, पण ती मूठ दिवसातून तीनदा भरत असेल तर सोलणाऱ्या बायकांना चालण्याचे सल्ले देण्याचा अधिकार आम्हाला राहत नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघतच सांगितले. वाटीला आता झाकण आहे.

त्यांनी आणलेली तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त होती. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा हा भारतीय निकष त्यांनी सांगितला, आणि ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत त्यांच्यासाठी पॅकिंगमधला दोरा घेतला. स्वतःच्या उंचीएवढा दोरा तोडायचा, त्याची दुमडून अर्धी लांबी करायची आणि ती शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, कमरेभोवती धरायची. टोके जुळली तर ठीक, न जुळली तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त. कोणाला काही दाखवायला नको, कुठे आकडा लिहायला नको, मोबाईलही नको. अनेकींनी तो दोरा घरी नेऊन नवऱ्यांना लावून पाहिला आणि त्याच्या कथा पुढे आठवडाभर सोलणी विभागात चालू होत्या.

मेअखेरच्या शेवटच्या तपासणीत काय दिसले? सरासरी वजन सुमारे सहाशे ग्रॅमने उतरले, म्हणजे वचन दिलेल्या चार किलोंच्या जवळपासही नाही. घेर ८० सेंटीमीटरच्या वर असलेल्या महिलांची संख्या एकतीसवरून सव्वीसवर आली. रक्तदाब वाढलेल्या अकरा जणांपैकी नऊ जण नियमित औषध घेत आहेत आणि नऊ कमी वजनाच्या महिलांपैकी चौघींचे वजन दीड ते दोन किलोंनी वाढले, ज्याचा मला सर्वांत जास्त आनंद झाला. या बदलांचे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. उन्हाळ्यात लग्नसराईच्या कामाने आणि बागेतल्या बी वेचण्याने आमच्या बायका एरवीही थोड्या वाळतात.

गुण द्यायचे तर तपासणीला पाचपैकी चार, तेही अहवाल मराठीत नव्हते म्हणून एक कापून. अ‍ॅप आणि पावलांच्या स्पर्धेला एक. ऑनलाईन व्याख्यानांना दोन, कारण मे महिन्यातले झोपेवरचे व्याख्यान खरोखर चांगले होते. वजन घटवण्याच्या स्पर्धेला शून्य. आणि प्रत्यक्ष येणाऱ्या आहारतज्ज्ञांना पाच. ज्या वीस मिनिटांच्या भरपगारी विश्रांतीने आमच्याकडे सर्वांत जास्त फरक पडला असे मला वाटते, ती कंपनीच्या बिलात नव्हती. ती भाऊंच्या खिशातून गेली. बसून काम करणारे सगळे पगारी असतील, मोबाईल जवळ बाळगता येत असेल आणि इंग्रजी अहवालाची अडचण नसेल, अशा कार्यालयाला हे पॅकेज माझ्यापेक्षा बरे वाटेल. काजू, मासळी किंवा कॅनिंगच्या कारखान्याने मात्र करारात चार गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: भारतीय मर्यादा, कमी वजनाच्या लोकांसाठी वेगळी तरतूद, कोणाचेही वजन नावासह जाहीर न करण्याची अट, आणि आहारतज्ज्ञाची कामाच्या जागी प्रत्यक्ष भेट.

नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने नवे पॅकेज पाठवले. त्यात वजन उतरवणाऱ्या साप्ताहिक इंजेक्शनांविषयी डॉक्टरांचा सल्ला ‘विशेष सवलतीत’ होता. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये भारतात आल्यापासून ही चर्चा वाढली आहे, आणि ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी ती जरूर करावी, पण कारखान्याने पुरस्कृत करण्याचा तो विषय आहे असे आम्हाला वाटले नाही. आम्ही फक्त आहारतज्ज्ञांच्या महिन्यातून दोन भेटी मागितल्या. कंपनीने बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्या वेगळ्या दराने मान्य केल्या आणि तो दर पूर्वीच्या बिलाच्या एक तृतीयांशाहून कमी आहे. वार्षिक तपासणीसाठी आरोग्य केंद्राकडे तारीख मागितली आहे. विश्रांतीचा प्रयोग तीन महिन्यांसाठी होता, त्याची मुदत कधीच संपली. सकाळची घंटा अजून दहा वाजता होते आणि बायका दोन-दोनच्या जोडीने पडवीतून फिरून येतात.